द्राक्षाच्या छाटणीची तारीख : घड ऑक्टोबरात दिसतो, पण ठरतो मे-जूनमध्ये



आपल्यापैकी बऱ्याच सभासदांच्या रानात उसाच्या जोडीला एकर-दोन एकर द्राक्षबाग उभी आहे. उसाचे बिल आणि द्राक्षाचे पैसे या दोहोंच्या आधारावर घरचा वर्षाचा मेळ बसतो. उसाच्या बाबतीत आपण तारखेला किती मानतो हे सांगायला नको. आडसाली जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. लागण महिनाभर हुकली तर एकरी टनेजात काय फरक पडतो, हे कोणाही सभासदाला विचारा, तो बोटावर मोजून सांगेल. पण तोच शेतकरी द्राक्षबागेत उभा राहिला की म्हणतो, "माणसं मिळाली की कात्री लावू," किंवा "शेजाऱ्यानं छाटली, मग आपणही छाटू."

मग दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास तक्रार सुरू होते : "साहेब, फूट जोरात आली, पण घडच नाहीत. नुसत्या बाळ्याच दिसतात. घड निघायला कुठलं औषध मारू?" याचे उत्तर कडू आहे, पण ते सांगितलेच पाहिजे. त्या वेळी मारायचे असे औषध नाही. घड असणार की नसणार हे चार-साडेचार महिन्यांपूर्वीच, मे-जूनमध्ये, त्या डोळ्यात ठरून गेलेले असते. ऑक्टोबरात आपण फक्त पाकीट फोडून आतली चिठ्ठी वाचतो.

तेव्हा छाटणीच्या तारखेने वेलीच्या वाढीत आणि फळात नेमके काय बदलते, ते या लेखात क्रमाने पाहू.

कात्री लावली की वेलीत काय होते

उसावरूनच समजून घेऊ. उभ्या उसाला कांडीकांडीवर डोळा असतो, पण शेंडा जोमात आहे तोवर ते डोळे झोपलेले राहतात. उसाला तुरा आला किंवा शेंडा मोडला की मात्र त्याच डोळ्यांना पांगशा फुटतात. याचे कारण असे की, वाढता शेंडा एक द्रव्य तयार करून खाली पाठवतो आणि ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब उठतो.

द्राक्षवेलीतही हाच कायदा चालतो. काडी छाटली की तिच्या टोकाकडचा डोळा सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात फुटतो आणि खालच्या डोळ्यांना पुन्हा दाबू लागतो. म्हणूनच गोडी छाटणीनंतर टोकाकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, की जे डोळे आपल्याला हवे आहेत ते एकसारखे आणि एकाच वेळी फुटावेत.

दुसरी गोष्ट साठ्याची. छाटणी झाल्यावर वेलीला पान राहत नाही. नवीन पाने मोठी होऊन स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत वेल खोडात, ओलांड्यात आणि मुळांत साठवलेल्या पिठावर जगते. खोडव्याचे फुटवे जसे जुन्या बुडख्याच्या जोरावर वर येतात, तसेच हे. साठा भरलेला असेल तर फूट एकसारखी आणि जाड येते. साठा रिकामा असताना कात्री लावली तर फूट मागे-पुढे येते, काड्या बारीक राहतात.

म्हणजे छाटणी केल्याने दोन गोष्टी घडतात : डोळे जागे होतात आणि साठा खर्ची पडू लागतो. या दोन्ही गोष्टी कोणत्या हवेत आणि वेल कोणत्या अवस्थेत असताना घडाव्यात, हे आपण तारीख धरून ठरवतो.

थंड मुलखातली वेल आणि आपली वेल

फ्रान्स-इटलीसारख्या थंड मुलखात हिवाळा आला की वेलीची पाने गळतात आणि वेल झोपी जाते. तेथे वर्षातून एकदाच, झोपेच्या काळात, छाटणी होते. वसंत ऋतूत फूट, उन्हाळ्यात फळ, असा सरळ कारभार. सफरचंद, पीच, नासपती या झाडांचेही तसेच. छाटणीची वेळ निसर्गच नेमून देतो.

आपल्याकडे वेल कधी पुरती झोपत नाही. मोकळी सोडली तर बारा महिने हिरवी राहील, शेंडे लांबत जातील आणि घड कधी, किती यायचे याला काही ताळ राहणार नाही. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत बसली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी म्हणजे गोडी छाटणी. खरड छाटणीच्या फुटीवर जे थोडेफार घड येतात ते काढून टाकतात, कारण ते पिकायच्या वेळी डोक्यावर पाऊस असतो, फळ कुजते आणि आंबट राहते. गोडी छाटणीचे फळ मात्र कोरड्या हवेत, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पिकते आणि नावाप्रमाणे गोड होते.

निसर्गाने दिलेली झोप नाही, म्हणून वेलीचे वर्ष आपल्याला कात्रीने पाडावे लागते. थंड मुलखातल्या बागाईतदाराची तारीख पंधरा दिवस मागे-पुढे झाली तरी तो बहुधा सावरतो. आपली तारीख हुकली तर वेलीचा एक नाजूक काळ उचलून भलत्याच हवेत जाऊन पडतो.

खरड छाटणी : घड ठरण्याचा काळ

खरड छाटणीत ओलांड्यावरच्या जुन्या काड्या एक-दोन डोळ्यांवर कापतात. कडक उन्हात दहा-पंधरा दिवसांत फूट दिसते. ही फूट म्हणजे पुढच्या फळाची काडी. पुष्कळजण समजतात की एप्रिलची छाटणी म्हणजे नुसती साफसफाई. उलट, वर्षाचे पीक येथेच ठरते.

नवीन काडीवर पानाच्या बगलेत डोळा धरतो. त्या डोळ्यात, नुसत्या नजरेला दिसणार नाही असा, एक कोंब असतो. तो पुढे घड व्हायचा की बाळी व्हायची, हे सुरुवातीस ठरलेले नसते. दोहोंचे बी एकच म्हणा ना! थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून आपल्याकडे निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांत हा निवाडा खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत होतो. या काळात डोळ्यावर आणि शेजारच्या पानावर भरपूर ऊन पडले, काडीची वाढ आटोक्यात राहिली, पाणी बेताचे असले, तर कोंबाचा घड होतो. आकाश ढगाळ, मांडव दाट, काडी नुसती धावते आहे, जमीन ओलीगच्च, अशी स्थिती असली तर त्याच कोंबाची बाळी होते किंवा घड होतो तो लहान आणि दुबळा.

आता बोटे मोजू. छाटणी १० एप्रिलला केली तर चाळिसावा दिवस २० मेला आणि साठावा ९ जूनला येतो. म्हणजे बहुतेक सगळा निवाडा उन्हात होतो. छाटणी १० मेला केली तर तोच काळ १९ जून ते ९ जुलै असा पडतो. तेव्हा मृगाचा पाऊस लागलेला, आभाळ भरलेले. दोन्ही बागांना खत सारखे, औषध सारखे, माणसे तीच. तरी ऑक्टोबरात एका बागेत घड आणि दुसरीत बाळ्या!

तारीख साधली तरी हवा दगा देऊ शकते, हेही खरे. २०२५ साली मे महिन्यातच राज्यात जोराचा पाऊस लागला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. त्या वर्षी एप्रिलच्या मध्याला छाटलेल्या बागांचा घड ठरण्याचा काळ नेमका त्या ढगाळीत सापडला. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलेल्या बागांना निदान काही दिवस ऊन मिळून गेले. मोसमी पावसाची तारीख आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढेच, की त्याच्या अगोदर आपले काम जेवढे पुढे नेता येईल तेवढे न्यावे.

मग फेब्रुवारीतच खरड छाटणी का करू नये, असे कोणी विचारील. एक तर तेव्हा बहुतेक बागांत माल असतो. माल नसला तरी रात्री गार असतात, डोळे मागे-पुढे फुटतात आणि काडी हळू वाढते. शिवाय लवकर तयार झालेली काडी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जून होऊन पाने झडू लागतात आणि पावसाच्या ओलीवर डोळे अवेळी फुटायला बघतात. म्हणून सर्वसाधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ बरा.

या काळात करायच्या दोन-तीन गोष्टी तारखेइतक्याच महत्त्वाच्या. फूट पाच-सहा पानांची झाली की विरळणी करून बारीक आणि अडचणीच्या काड्या काढाव्यात, म्हणजे उरलेल्या काड्यांना ऊन मिळेल. काडीला सात पाने ठेवून शेंडा खुडावा. टोकाचा डोळा फुटून पुढे पाचेक पाने आली की पुन्हा खुडावे. यालाच आपण सबकेन करणे म्हणतो. खुडल्याने धावती वाढ थांबते, अन्न डोळ्यांकडे वळते आणि गाठीच्या आसपासचे डोळे फळते होतात. बगलफुटी वेळेवर काढाव्यात. वाढ रोखण्यासाठी संजीवके वापरणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांचा माल परदेशी जातो त्यांनी, मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या वर्षाची औषधांची यादी पाहिल्याशिवाय हात लावू नये. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, हे विसरून चालणार नाही.

साठ दिवसांनंतरचा काळ काडी पिकण्याचा. काडी बुडाकडून तांबूस होत जाते. आडवी कापून बघा : गाभा तपकिरी दिसला तर काडी पिकली, हिरवट-पांढरा दिसला तर कच्ची आहे. कच्च्या काडीतले घड गोडी छाटणीनंतर फुटताना जिरतात. पावसाळ्यात केवडा, भुरी आणि करपा यांपासून पाने वाचवायची ती याचसाठी. पान टिकले तर काडी पिकते आणि खोडात साठा भरतो.

गोडी छाटणी : कोणता नाजूक काळ कोणत्या हवेत

गोडी छाटणीने घड निर्माण होत नाही, असलेला घड बाहेर येतो. म्हणून येथे तारखेचा प्रश्न वेगळा आहे. फुटीपासून पिकण्यापर्यंतची प्रत्येक अवस्था कोणत्या हवेत सापडेल, ते या तारखेने ठरते. तीन तारखा घेऊन हिशेब मांडू. दिवस वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील.

(अ) १ सप्टेंबरची छाटणी : फूट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. फुलोरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. माल जानेवारीच्या सुरुवातीस.

(आ) १० ऑक्टोबरची छाटणी : फूट २० ऑक्टोबरच्या आसपास. फुलोरा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. माल फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

(इ) १० नोव्हेंबरची छाटणी : फूट नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात. फुलोरा डिसेंबरअखेर. माल मार्चअखेर.

यातील (अ) ही आगाप छाटणी. नाशिक जिल्ह्यात सटाणा भागातील बागाईतदार तर याहूनही आधी छाटतात आणि बाजारात इतरांचा माल नसताना आपला आणतात. भाव चढा मिळतो, हे खरे. पण फूट आणि फुलोरा दोन्ही पावसात. केवड्याची बुरशी पानावरच्या पाण्याच्या थरातून पोहत जाऊन पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. पान काही तास ओले राहिले की तिचे काम झाले. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा कोवळा घड एकदा तिच्या तावडीत सापडला की दोन-तीन दिवसांत काळा पडतो. २०१९ साली ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस, 'क्यार' आणि 'महा' ही वादळे अरबी समुद्रात असताना, लांबलेल्या पावसाने नाशिक भागातील आगाप बागांचे अतोनात नुकसान झाले. आगाप छाटणी म्हणजे भावासाठी पावसाशी घेतलेली पैज आहे. ज्याच्याकडे फवारणीची सोय चोख आहे, निचऱ्याची जमीन आहे आणि एक वर्ष गेले तरी घर तग धरील, त्याने ती घ्यावी. कर्ज काढून घेऊ नये.

(आ) ही मधली छाटणी. फूट उबेत, फुलोरा बहुधा कोरड्या हवेत, मणी थंडीत पण स्वच्छ उन्हात वाढतो, फेब्रुवारीच्या उन्हात पाणी उतरून साखर भरते. आपल्याकडील बहुसंख्य बागांना सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा हा काळ मानवतो तो यामुळे. तरी येथेही हमी नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि घाटावरही पाऊस झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागा तेव्हा फुलोऱ्याच्या आसपास होत्या. अनेकांचे पीक गेले. यावरून शिकायचे ते असे, की सगळी बाग एकाच दिवशी छाटू नये. दोन एकर असेल तर दोन-तीन तुकडे करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटावी. एका पावसात सगळे तुकडे एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाहीत. मजूर आणि फवारणीही पुरी पडते.

(इ) ही मागास छाटणी. रात्री गार झालेल्या असतात, म्हणून डोळे रेंगाळत फुटतात. फुलोरा ऐन थंडीत येतो, मणी धरायला वेळ लागतो आणि फुगवण कमी पडते. निफाडसारख्या ठिकाणी पारा फार खाली उतरतो, तेथे हे जास्त जाणवते. पुढे मार्चच्या चटक्यात मण्याला ऊन लागते. त्या महिन्यात अवकाळीचे भय आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत काढणीला आलेल्या बागा कशा झोडपल्या गेल्या, ते आपण पाहिले आहे. बेदाणा करणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे. त्यांना भरपूर साखर आणि शेडवर वाळवायला कोरडी गरम हवा लागते, म्हणून तासगाव भागातील बेदाण्याच्या बागांचा माल मार्चमध्ये निघाला तरी चालतो. पण त्यांनाही पुढचा मुद्दा लागू आहेच.

गोडी छाटणीपूर्वी डोळे तपासून घेणे ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. बागेच्या निरनिराळ्या भागांतील दहा-पंधरा काड्या प्रयोगशाळेत द्याव्यात. तेथे डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात. नाहीतर घड सातव्या डोळ्यात आणि कात्री पाचव्यावर, असा प्रकार होतो. मग दोष बियाण्याला! छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडून किंवा शिफारशीप्रमाणे इथेफॉन फवारून पानगळ करून घेतल्यास डोळे फुगतात आणि फूट एकसारखी येते.

हायड्रोजन सायनामाइड लावणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, अंगावर उडू देऊ नये. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. हे औषध लावण्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस दारूच्या थेंबालाही शिवू नये. या औषधाचा दारूशी संयोग जिवावर बेतू शकतो. मजुरांना हे आधी समजावून सांगणे मालकाचे कर्तव्य आहे.

एक उशीर दुसऱ्या उशिराला घेऊन येतो

आता या लेखातील मुख्य गोष्ट. एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन तारखा सुट्या नाहीत, एकाच दोरीची दोन टोके आहेत. समजा, बांधाला बांध असलेले दोन शेतकरी आहेत.

पहिल्याने १० ऑक्टोबरला छाटणी केली. माल फेब्रुवारीच्या शेवटी निघाला, ५ मार्चला बाग मोकळी झाली. त्याने वेलीला महिनाभर विश्रांती दिली. हलके पाणी, थोडे खत दिले. पाने हिरवी होती, त्यांनी खोडात साठा भरला. ५ एप्रिलला खरड छाटणी झाली. १५ मे ते ४ जून या उन्हाच्या दिवसांत घड ठरला. ऑक्टोबरात पुन्हा वेळेवर छाटणी.

दुसऱ्याला माणसे मिळाली नाहीत, घरात लग्न होते, काही असेल. त्याची छाटणी १५ नोव्हेंबरला झाली. माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघाला. आता त्याच्यापुढे दोनच वाटा. लगेच कात्री लावावी तर वेल नुकतीच फळ पोसून रिकामी झालेली, फूट दुबळी येणार. विश्रांती द्यावी तर छाटणी मेच्या सुरुवातीवर जाणार आणि घड ठरण्याचा काळ १० जूननंतरच्या ढगाळीत पडणार. कोणतीही वाट धरली तरी पुढच्या ऑक्टोबरात घड कमी. घड कमी, पण औषध, मजुरी, सोसायटीचा हप्ता यांत काही कमी होत नाही. शिवाय काडी उशिरा पिकल्याने पुढची छाटणीही उशिराच. एका वर्षाची दिरंगाई अशी दोन-तीन वर्षांचे पीक खाते. मग माणूस म्हणतो, "बाग म्हातारी झाली, तोडून टाकू." बाग म्हातारी झालेली नसते. तिचे वर्ष उलटे पडलेले असते.

हे चक्र एकदम सरळ होत नाही, पण होते. उशीर झालेल्या वर्षी वेलीवर घड कमी ठेवावेत, म्हणजे माल लवकर पिकून निघतो आणि वेल फार दमत नाही. ज्या तुकड्यात घड नगण्य आहेत तेथील माल ओढत बसू नये. तो तुकडा लवकर मोकळा करून, पंधरा-वीस दिवस विश्रांती देऊन, वेळेवर खरडावा. दोन वर्षांत दरवर्षी दहा-पंधरा दिवस मागे येत गेले तरी तारीख जागेवर येते.

ऊस आणि द्राक्ष शेजारी असताना

आपल्या सभासदांच्या दृष्टीने तीन गोष्टी विशेष आहेत.

पाणी : खरड छाटणीनंतर एप्रिल-मेमध्ये फूट वाढताना बागेला पाणी लागते आणि नेमके तेव्हाच उसालाही तहान असते. विहिरीत पाणी किती आहे ते मार्चमध्येच पाहावे. पाणी अपुरे असेल तर खोडव्याचे क्षेत्र किती ठेवायचे याचा विचार आधी करावा. फूट निघाल्यावर बाग वाळवली तर पुढचे वर्ष हातचे जाते.

माणसे : गोडी छाटणी, पेस्ट, विरळणी ही कामे आणि उसाची तोड एकाच सुमारास येतात. छाटणीच्या टोळीशी सप्टेंबरातच बोलून तारीख पक्की करावी.

तणनाशक : उसात तण मारण्यासाठी २,४-डी वापरतात. द्राक्षवेल या औषधाला फार हळवी आहे. वाऱ्याबरोबर आलेल्या तुषारानेही कोवळी पाने पंख्यासारखी आकसतात, शिरा जवळजवळ येतात, फुलोरा बिघडतो. छाटणीनंतरची नवी फूट सर्वांत हळवी. पूर्वहंगामी लागणीत तणनाशक मारण्याचा काळ आणि गोडी छाटणीच्या फुटीचा काळ एकच आहे, हे ध्यानात असू द्यावे. शेजारी बाग असेल तर २,४-डी वापरूच नये, कोळपणी-खुरपणी करावी. तणनाशकाचा पंप बागेला कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी. हा शेजारधर्म आहे आणि भांडण-तंट्यापेक्षा स्वस्त आहे.

थोडक्यात लक्षात ठेवायचे

१) घड खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत ठरतो. ते दिवस उन्हाचे मिळतील अशी तारीख धरावी. मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य उत्तम.

२) माल निघाल्यावर वेलीला निदान पंधरा-वीस दिवस विश्रांती द्यावी.

३) विरळणी, शेंडा खुडणे आणि बगलफुटी काढणे वेळेवर करावे. डोळ्याला ऊन लागले पाहिजे.

४) काडी पिकल्याची खात्री करून आणि डोळे तपासूनच गोडी छाटणी करावी.

५) बागेचे तुकडे पाडून आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटावे.

६) आगाप छाटणीचा भाव बघताना तिचा धोकाही बघावा.

७) प्रत्येक तुकड्याची छाटणी, फूट, फुलोरा, पाणी उतरणे आणि काढणी यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. चार वर्षांची वही हाताशी असली की आपल्या रानाला कोणती तारीख मानवते, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

उसाच्या नोंदीची तारीख आपण विसरत नाही, कारण तिच्यावर तोडीचा क्रम अवलंबून असतो. द्राक्षाच्या छाटणीची तारीखही तशीच घरातल्या कॅलेंडरवर आधी लिहून ठेवा आणि मग बाकीची कामे तिच्याभोवती बसवा. ज्यांच्या बागेत यंदा घड कमी निघाले असतील त्यांनी गेल्या दोन वर्षांच्या छाटणीच्या तारखा घेऊन गट कार्यालयात यावे. बसून हिशेब मांडू आणि येत्या एप्रिलची तारीख ठरवू.

— शेतकी खाते